समाजशास्त्राचा हप्ता

४ जून २०२५, बुधवार

ही डायरी खताच्या कंपनीची आहे. यांनी जानेवारीत दुकानातून आणली आणि टीव्हीवर ठेवली, तेव्हापासून तिथंच धूळ खात होती. आज मी घेतली. या घरात ज्यांच्याशी बोलावं ते "पाहू" म्हणतात, आणि जिच्याशी बोलावं ती पुस्तकात तोंड घालून बसते. कुठंतरी ओकल्याशिवाय माझं डोकं फुटेल.

झालं असं की रुचीचा बंगळुरूच्या एका खाजगी विद्यापीठात नंबर लागला. एम.ए., समाजशास्त्र, दोन वर्षं. फी, राहणं, खाणं मिळून साडेपाच लाख. मी गिरणीत मिरची दळत होती, ती मोबाईल नाचवत आली. मी विचारलं, किती? तिनं सांगितलं. मिरचीमुळे माझ्या डोळ्यांत आधीच पाणी होतं म्हणून बरं.

समाजशास्त्र! तीन वर्षं फुलचूरला माझ्या बहिणीकडे राहून गोंदियाच्या कॉलेजात हेच शिकली. तीन वर्षांत समाज संपला नाही का?

शिक्षणाचं कर्ज काढू म्हणते. गिरणी माझ्या नावावर, खातं माझ्या नावावर, तर सही माझीच लागणार. यांना सांगितलं. जेवता जेवता मान हलवली आणि म्हणाले, "पाहू." बावीस वर्षं पाहूनच राहिले हे.

६ जून

आज कागद-पेन घेऊन तिला समोर बसवली. मी बचत गटाची अध्यक्ष आहे, व्याज मला शिकवू नका.

शिकत असताना व्याज चढत जाईल. मग नोकरी लागली की हप्ता सुरू, महिन्याला साधारण नऊ हजार, जवळजवळ दहा वर्षं. म्हणजे हप्ता फिटेल तेव्हा ही तेहेतीस वर्षांची. मी म्हटलं, "आता सांग, पगार किती?"

"संस्थेत लागली त पंचवीस-तीस. सर्व्हेच्या कामाले थोडे जास्त भेटतात. पक्कं काहीच नाही."

"पक्कं नाही म्हणजे?"

"म्हणजे पक्कं नाही, आई."

काय बोलावं या पोट्टीला? खोटं तरी सांग की बाई, चाळीस मिळतात म्हण, मी तुला खोडून काढते. ही आपणच आपली बाजू पाडून मोकळी होते आणि मग माझ्याकडे पाहत बसते. मला भांडायलाच काही ठेवत नाही.

संध्याकाळी जाऊबाई येऊन गेली. तिच्या पीयूषनं कर्ज काढून इंजिनियरिंग केलं, आता पुण्याला कंपनीत आहे, तेच पुराण. "पोरीच्या जातीले इतकं कर्ज कायले वो?" म्हणाली. मला राग आला. म्हणजे मीही तेच म्हणते, पण मी तिची माय आहे, ही कोण? ती गेल्यावर रुचीनं सांगितलं की पीयूषदादाला बावीस हजार मिळतात, एका खोलीत चौघं राहतात, आणि मागच्या महिन्यात त्यानं हिच्याकडेच दोन हजार उसने मागितले. हिनं दिले पण. कुठून दिले ते विचारायचं राहिलं.

९ जून

जाण्या-येण्याचा खर्च काढला. गाडीला दीड दिवस लागतो. दीड दिवस! ती म्हणते वर्षातून दोनदा येईन, दिवाळीला आणि उन्हाळ्यात. मी हिशोबात चारदाचे पैसे धरले. पोळा आहे, मंडईची जत्रा आहे, माझी तब्येत आहे. ती म्हणाली, "आई, उगाच खर्च वाढवून राहिली तू." मी म्हटलं, हिशोबात हात सैल ठेवावा. गटात मी नेहमी उलटं सांगते, पण तो गट आहे.

तिकडे म्हणे भात मिळतो. मिळतो तर मिळतो. भाजीत काय टाकतात कोणास ठाऊक.

१२ जून, गुरुवार

आज गोंदियाला जाऊन इंद्रकुमार सरांना भेटून आली. रुचीला समाजशास्त्र यांनीच शिकवलं, म्हणजे आग यांनीच लावली. मी ठरवून गेली होती की सरळ विचारायचं.

फुलचूरला सरांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. सर पंचेचाळीशीचे असतील. एम.ए., वर आणखी दोन-तीन परीक्षा पास. मी विचारलं, "सर, राग नका मानू. तुमाले किती भेटते?"

सर हसले. तासावर पैसे मिळतात म्हणाले. जितके तास, तितके पैसे. सुट्टीत काही नाही. आणि जे मिळतात तेही चार-पाच महिन्यांनी एकदम येतात. पंधरा वर्षं झाली, कायम होऊ होऊ म्हणता म्हणता.

मी म्हटलं, "मग माझ्या पोरीले कायले पाठवून राहिले या रस्त्यावर?"

"मी पाठवत नाही, ताई. ती थांबतच नाही. वर्गात चाळीस पोरं, सदतीस झोपलेली. ही उभी राहून विचारते, सर, हे पुस्तकात असं आहे, पण आमच्या गावात तर तसं नाही, मग पुस्तक चूक का गाव चूक? मला घरी येऊन वाचावं लागायचं तिच्यामुळे."

"पण पैशाचं काय?"

"पैशाचं माझ्याकडे पाहून ठरवू नका. मी इथंच राहिलो. तिला बाहेर जाऊ द्या."

मला वाटलं, बरं बोलून राहिले सर. जरा विरघळली पण. तेवढ्यात त्यांनी कपाटातून फाईल काढली आणि म्हणाले, "ताई, तुमचा विमा आहे का?" सर विम्याचं काम पण करतात. अर्धा तास मला पॉलिसी समजावली. सरांच्या मॅडमनं चहा दिला तो प्यायला असल्यामुळे उठताही येईना. पोरीला समाजशास्त्र आणि मायला विमा, दोन्ही एकाच घरून. परत येताना गाडीत मी एकटीच बडबडत होती, शेजारची बाई सरकून बसली.

१३ जून

रुचीला म्हटलं, इथंच जवळच्या एखाद्या कॉलेजात कर ना एम.ए. घरून डबा नेशील, कर्ज नाही, काही नाही.

"आणि मंग? सरांसारखी तासावर लागू?"

"लागलीस त काय वाईट? घरी राहशील."

"आणि विमा विकू?"

मी तिला विम्याचं कशाला सांगितलं काल! आपलेच शब्द आपल्या तोंडावर. मग दोघी इतक्या जोरात भांडलो की दळण घेऊन आलेला माणूस पिपा बाहेरच ठेवून निघून गेला. हे शेताच्या धुऱ्यावरून आले, पाय धुतले, दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा धुऱ्यावर गेले.

१९ जून

सहा दिवस काही लिहिलं नाही. घरात कोणी कोणाशी बोलत नाही, लिहायचं काय? धानाचे परे टाकायची, म्हणजे रोपं करायची घाई आहे. दहा जुलैपर्यंत फीचा पहिला भाग भरायचा आहे. रुची त्याची आठवणसुद्धा करून देत नाही. तिचं हे न बोलणं मला फार छळते. आरडाओरडा करणारी पोर परवडली.

आज तिच्या खोलीत झाडताना पाहिलं, तिनं हिवाळ्याचे कपडे वेगळे काढून ठेवले आहेत. विचारलं, तिकडे थंडी पडते का? म्हणाली, "नाही, ते इथंच ठेवून जाते. लागणार नाहीत." म्हणजे मनानं ही गेलीच.

२१ जून, शनिवार

सुचलं! आणि माझं मलाच कौतुक वाटून राहिलं, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या गटाचा नियम असा की जिला कर्ज पाहिजे तिनं बैठकीत सतरंजीच्या मध्ये उभं राहायचं. पैसे कशाला पाहिजे, कसे फेडणार, सगळ्यांसमोर सांगायचं. बाया विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. तिच्या घरच्या बाईनं त्या वेळी तोंड उघडायचं नाही. मग हात वर. हे नियम मीच केले, कारण आधी सासू-सुना बैठकीतच एकमेकींच्या झिंज्या धरायच्या.

तर उद्या रविवारी रुचीला उभी करते. गटाचे पैसे घ्यायचे नाहीत, तेवढे गटात आहेत कुठं? पण सल्ला म्हणून. दहा बाया, सगळ्या व्यवहारी. बकरीसाठी पाच हजार मागितले तरी गंगा विचारते, कितीक पिल्लं देईल. त्या साडेपाच लाखाला हो म्हणतील? शक्य नाही. आणि नाही त्या म्हणतील, मी नाही. रुचीला माझ्यावर रुसायला जागा नाही.

रुचीला सांगितलं. वाटलं नाही म्हणेल. "चालते," म्हणाली.

२२ जून, रविवार

मी स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. सगळं लिहिते, कारण उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

दुपारी घरापुढच्या सपरीत सतरंजी टाकली. सगळ्या आल्या. शकुंतलाबाई भिंतीला टेकून बसल्या, त्या गटात सगळ्यात मोठ्या, त्यांचा शब्द चालतो. रुची ओढणी बांधून मध्ये उभी राहिली. मी नियमाप्रमाणे कोपऱ्यात, तोंड बंद.

गंगानंच सुरुवात केली. "बकरी घेतली त पिल्लं देते. शिलाई मशीन घेतली त कपडे शिवते. हे तुहं शास्त्र काय देते वो?"

रुचीनं मला सांगितलं होतं तेच सांगितलं. पगार पंचवीस-तीस, मिळाला तर. शहरात खोली आणि खाण्यात अर्धे जातील. हप्ता नऊ. हातात फार उरणार नाही. नर्सिंग केलेली पोरगी आपल्याआधी कमवायला लागेल, हे माझं घरातलं रोजचं म्हणणं पण सांगितलं. मी कोपऱ्यात मनातल्या मनात खुश.

"मंग कायले मरून राहिली त्याच्यामागं?" गंगा म्हणाली.

रुची म्हणाली, "काकी, मागच्या साली मी कॉलेजच्या कामाले तुमाले सगळ्यांले विचारलं होतं, रोवणीची मजुरी कोण ठरवते. आठवते का? एकीनं सांगितलं शेतकरी ठरवते. एकीनं सांगितलं आमीच ठरवतो. एक म्हणे बाजूच्या गावात जे चालते तेच इथं. मी सगळं लिहून काढलं. तरी मले समजलं नाही की एका सालात पन्नास रुपये वाढतात आन् दुसऱ्या सालात पाच पण काऊन नाही वाढत. सरांले पण सांगता आलं नाही. ते मले शोधाचं आहे. माह्या डोक्यातून जातच नाही ते."

"कोण ठरवते म्हणजे? तुहा बाप ठरवते!" गंगा म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मलाही ओठ दाबून बसावं लागलं, कारण खरंच आहे, या बाया आमच्याच शेतात रोवायला येतात. मग हसता हसता त्या मजुरीवरच सुरू झाल्या. मागच्या साली कोणी किती घेतले, कोणी कमी भावात जाऊन सगळ्यांचं नुकसान केलं. मोठा गोंधळ. रुची मध्ये उभी राहून ऐकत होती, अंगावर दागिने चढवल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. घरात मी तिला असं कधी पाहिलं नाही.

शेवटी शकुंतलाबाईंनी हातानं सगळ्यांना थांबवलं. त्यांनी एकच विचारलं, "बाई, शिकून वापस येशीन का इकडं?"

रुचीनं माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीची दशी ओढत होती.

"नाही, आजी," ती म्हणाली. "सणाले येईन. राहाले नाही येणार."

मला बोलायला मनाई होती. नियम माझाच.

मग शकुंतलाबाई म्हणाल्या, "इतके साल गट चालून राहिला, पैसे मागताना खरं बोलणारी मी पहिल्यांदा पाहून राहिली. गंगा, तू बकरीले म्हणून पैसे घेतले आन् घरात टाइल्स लावल्या. मी कडबा कटरले म्हणून घेतले आन् जवायाले गाडी घेऊन देल्ली. ही पोट्टी म्हणते, पगार कमी, पक्का नाही, वापस येणार नाही. हिले नाही म्हणाव त कोणाले हो म्हणाव?"

आणि हात वर केला. गंगानं लगेच केला. मग सगळ्यांनी. एक-एक करून सगळे हात!

मी उठली. म्हटलं, बायांनो, हा फक्त सल्ला होता, गटाचे पैसे यात नाहीत, याला ठराव म्हणता येत नाही. गंगा म्हणे, "मंग सतरंजीवर उभी कायले केली पोट्टीले? तमाशा पाहाले? अध्यक्षबाई, हात वर झाले. सही करा तुमी."

नियम, नियम करत मीच सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. आता कुणापुढे रडू?

२४ जून

आता गाव आमचं घर चालवून राहिलं. गंगा सकाळी येऊन सांगून गेली की रुचीनं दर महिन्याच्या बैठकीत फोनवर हजर राहायचं आणि अभ्यास कुठवर आला ते सांगायचं. "ठराव आमी केला, आमाले समजलं पायजे." एकीनं लोणचं आणून दिलं. एकीनं सांगितलं, पोरीला तिकडच्या पोरांपासून सांभाळून राहायला सांगा. जाऊबाईनं तर बोलणंच टाकलं, तो एक फायदा.

रात्री हे म्हणाले, "तू तिले जाऊ देशीन असं मले वाटलं नव्हतं."

"मी कुठं जाऊ देऊन राहिली? ठराव झाला."

"हो हो," म्हणाले आणि कूस बदलली. त्या "हो हो"चा मला इतका राग आला की पंखा त्यांच्याकडून माझ्याकडे फिरवून घेतला.

१ जुलै, मंगळवार

आज आमगावला बँकेत गेलो, मी आणि रुची. साहेब नवीन आहेत, हिंदीच बोलतात. कागद पाहिले, गिरणीचे तीन वर्षांचे आकडे पाहिले, मान हलवली. मग कोर्सचं नाव वाचलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, सोशियोलॉजी? इसमें स्कोप क्या है? नर्सिंग करवाइए, बी.एड. करवाइए. लोन तुरंत हो जाएगा."

अगदी हेच शब्द! महिनाभर मी घरात हेच बोलत होती. त्या माणसाच्या तोंडून ऐकले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी म्हटलं, "साहेब, स्कोप हम देख लिये. पच्चीस-तीस पगार है, वो भी पक्का नहीं. खोली-खाने में आधा जाता है. किस्त नौ हजार, दस साल. सब मालूम है हमको. दस औरतों के सामने खड़ी रहके बोली है मेरी लड़की. आपके यहां इतना सच बोलके कोई लोन लेता है क्या? आप कागज देखो. कागज में कुछ कम है तो बताओ."

रुचीनं माझा पदर ओढला. मी तिचा हात झटकला. साहेब म्हणाले, नहीं नहीं मॅडम, मैं तो ऐसे ही. कागदांत काही कमी नव्हतं. जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं मी सह्या केल्या. "पुष्पांजली" लिहायला मला नेहमी वेळ लागतो, आज भराभर झाल्या.

बाहेर येऊन स्टँडवर आलुबोंडा घेतला. मी खाऊन टाकला. रुचीचा तसाच हातात.

"खात काऊन नाहीस?"

"आई, मले भेव लागून राहिलं."

"कायचं?"

"नाही लागली नोकरी त? हप्ता त सुरू होईन ना. तुह्या खात्यातून जाईन. तू दिवसभर मिरचीत उभी राहतेस आन् मी..."

महिनाभर जी न डगमगता "पक्कं नाही" म्हणत होती ती ही पोरगी. आणि मी जे महिनाभर विचारत होती, नेमकं तेच आता ती मला विचारत होती. माझ्या तोंडून पटकन निघालं, "त वापस ये."

आणि ते बोलल्याबरोबर मला इतकं बरं वाटलं! ती सपरीत पुस्तक घेऊन बसली आहे आणि मी गिरणीतून ओरडून राहिली आहे, असं डोळ्यांसमोर आलं. हप्ता गेला खड्ड्यात. तिला नोकरी न लागो, असं मी आतून म्हणत होती. स्वतःच्या पोरीला! देवा, किती लाज वाटली मला त्या स्टँडवर.

मी म्हटलं, "नाही. वापस येऊ नको. ऐकलंस का? एक नाही लागली त दुसरी पाहाची. तिथंच राहाचं. तोवर हप्ता मी भरते. लोक मिरची खाणं सोडणार आहेत का?"

"पण तूच त म्हणत होतीस, पगार कमी, कर्ज जास्त..."

"पगार एक लाख असता त मी दुसरं काही काढलं असतं," मी म्हटलं. "तिकडचं पाणी खराब आहे म्हटलं असतं. मले तू घरात पायजे, रुची. बस, इतकंच होतं. बाकी सगळा हिशोब त्याच्यासाठी होता."

तिनं आलुबोंडा कागदात गुंडाळून पिशवीत टाकला आणि डोळे पुसले. "हे आधी सांगितलं असतं त?"

"आधी सांगितलं असतं त तू गेली नसतीस," मी म्हटलं.

तेवढ्यात आमची बस लागली. जागा मिळत नाही म्हणून दोघी धावलो.